टँकरच्या वाटेवर पळालेली शर्यत

बहात्तरच्या दुष्काळातला तो चैत्र होता. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावातून पारनेरला शर्यत पळायला जायचं मी जाहीर केलं, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला तो खडीचा. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर होती. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आणि मी, दोघंही रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायचो. एक माणूस गेला की त्या दिवसाची त्याची मजुरी गेली, आणि तेव्हा ती सोडण्यासारखी कुणाचीच परिस्थिती नव्हती.

त्यात माझी ख्याती अशी की कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलेलं, तालीम महिन्याभरात सोडलेली आणि आधीच्या दोन्ही शर्यती अर्ध्या वाटेत. गावात मला 'अर्ध्या' म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, मग नुसतं नाव म्हणून म्हणायला लागले, आणि हे दुसरं मला जास्त लागायचं. आप्पांनी कधी तसं म्हटलं नाही. त्या दिवशी हातोडी खाली ठेवून एवढंच बोलले, "जायाचं तर जा. पन पुरं करून ये. अर्ध्यातनं येनार आसशील तर हितंच बस, खडी तरी फुटंल."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. आधी नगर, तिथं गाडी बदलून सुप्यावरून पारनेर. खर्च म्हणाल तर तिकिटं आणि नगरच्या स्टँडवरचा एक चहा. भाकरी घरचीच होती, रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची. गिळायला अवघड, पण सोबत ठेचा होता. शेजारी एक फेटेवाले आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "कुनीकडं निगालास?"

"पारनेरला. शर्यत हाय."

"बैलांची?"

"न्हाई, मानसांची."

आजोबांनी खिडकीबाहेरच्या रिकाम्या रानाकडं बोट केलं. मग म्हणाले, "व्हय. बैलं ऱ्हायलीत कुटं आता."

आज त्या वाटेनं मोटारसायकल सुरेख जाते. सुपे फाट्यावर मिसळ मिळते, थंड पाण्याची बाटली मिळते. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर हिरव्या माळाचे फोटोही छान येतील. पण मी पाहिला तो माळ भाजलेल्या खापरासारखा होता. लिंबाच्या झाडांनाच काय तो थोडा पाला होता, बाकी सगळ्या काटक्या. पारनेरला एका देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. पुजाऱ्यांनी माणशी एक तांब्या पाणी दिलं आणि पिणं, तोंड धुणं काय ते त्यातच भागवा म्हणाले.

शर्यत डोंगरापलीकडच्या एका गावच्या जत्रेची होती. पारनेरच्या स्टँडपासून निघायचं आणि त्या गावच्या म्हसोबाच्या देवळाशी पोचायचं. जत्रेतला तमाशा त्या साली रद्द केला होता, जेवणावळही रद्द. शर्यत तेवढी राहिली होती. "हिला खर्च न्हाई," सकाळी आम्हाला रांगेत उभं करताना जत्रेचे एक पंच म्हणाले. "ज्याचं त्यानं आपल्या पायानं पळायचं."

सुरुवात बरी झाली. खरं सांगतो, माझे पाय कधीच आधी थांबायचे नाहीत. आधी मन थांबायचं. श्वास चढला की मन वकिलासारखं उभं राहायचं आणि एकेक कारण मांडायचं: ऊन फार आहे, जिंकणार तर नाहीसच, उद्या पुन्हा खडी फोडायची आहे. या वेळी मी त्याच्यावर एक तोड काढली होती. देऊळ लांब आहे हा विचारच करायचा नाही. पुढची बाभूळ धरायची, तिथवर पोचलं की त्यापुढची. तुमच्यातलं कुणी लांब पळायला सुरुवात करत असेल तर हे करून बघा, बऱ्याच अंतरापर्यंत चालतं.

माझं घाटापर्यंत चाललं. घाट चढून वर गेलो, तर मोकळा माळ लागला. त्यावर ना बाभूळ ना काही. पुढचे सगळे केव्हाच दिसेनासे झाले होते, मागं कुणी नव्हतं. मी शेवटचा होतो आणि मनाला मोकळं रान मिळालं. तेवढ्यात डाव्या हाताच्या वस्तीवरून बायका धावत रस्त्यावर आल्या. कुणाच्या कमरेवर हंडा, कुणाच्या हातात कळशी. त्या माझ्याच बरोबरीनं पळायला लागल्या.

मला वाटलं, गंमत म्हणून पळताहेत. पण कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. एक पन्नाशीची बाई, अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, अगदी माझ्या खांद्याशी येऊन धापा टाकत म्हणाली, "कुटं थांबलाय रं?"

"काय?"

"टँकर. कुटं थांबलाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वस्तीपर्यंत ट्रक जाईल असा रस्ताच नव्हता. टँकर लांब कुठंतरी फाट्यावर थांबायचा आणि ज्याला आधी दिसेल तो पळत सुटायचा. दुसऱ्या कशासाठी त्या दिवसांत भर उन्हात कोण पळणार? आमचे पुढचे गडी एकामागून एक पळत गेलेले बघून त्यांनी हंडे उचलले होते.

"मावशी, टँकर न्हाई. शर्यत हाय," मी पळता पळताच म्हणालो.

बाकीच्या बायका ऐकून जागीच थांबल्या. ही मात्र आणखी थोडं अंतर आली. तिला ते पटत नव्हतं. "पानी न्हाई?"

"न्हाई."

"मंग पळतुयास कशाला?"

आजवर मनानं मांडलेल्या कारणांत हा प्रश्न कधी आला नव्हता. मी थांबलो. तीही थांबली. तिच्या पायाला दगड लागून रक्त आलं होतं आणि कमरेवरचा हंडा कोरडा ठणठणीत होता. मी म्हणालो, "चुकलं मावशी. चला, मी येतो तुमच्याबरोबर वस्तीपर्यंत. हंडा द्या इकडं."

त्यावर ती भडकली. "तू कशाला येतुयास? तितं काय हाय? मला पळवलंस, आन् आता सोता थांबतुयास व्हय? माजं पळनं तर गेलं वाया. तुजं तरी घालवू नगंस. जा, पुरं कर."

मी तसाच उभा राहिलो, तेव्हा तिनं मला पाठीत ढकललं. आईनं शाळेला ढकलावं, तसं.

मी पळालो. त्यापुढं मी बाभूळ धरली नाही, दगड धरला नाही. मन आडवं आलंच नाही असं नाही, चांगलं दोनदा आलं. पण एका बाईचं पळणं फुकट गेलं होतं आणि त्यात माझंही मिळवायची माझी छाती नव्हती. रडू येत होतं आणि पाय चालत होते. देवळाशी पोचलो तेव्हा पंच निघून गेले होते. एक माणूस तोरण सोडत होता. त्यानं विचारलं, "तू बी शर्यतीतला का?" मी हो म्हणालो. त्यानं रांजणातून तांब्या भरून आणला आणि मी तो उभ्याउभ्या सगळा प्यालो. दुसरा मागितला, तोही त्यानं दिला.

त्या गावातून नगरला निघालेला एक ट्रक मिळाला. तो दुसऱ्या रस्त्यानं गेला, त्यामुळं ती वस्ती परत लागली नाही. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तर आप्पा जेवायला बसत होते.

"पुरी केलीस?" त्यांनी विचारलं.

"केली. शेवटचा आलो."

त्यांनी मान हलवली आणि मला ताटावर बसवलं. त्यांना बरं वाटलं होतं, ते मला दिसलं. मग जेवता जेवता मी त्या बायकांचं सगळं सांगितलं. ती मावशी काय म्हणाली, कसं ढकललं, तेही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आला का त्यांचा टँकर?"

मला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर मी पुष्कळ शर्यती पळालो, पुढं नोकरीत पळालो, साठी उलटल्यावरही पळालो. एकही मधेच सोडली नाही. अर्ध्या वाटेत मन कच खायला लागलं की पाठीवर तो हात पडतो, हे अगदी खरं आहे. त्या माळावर मी पुढं दोन-तीनदा जाऊनही आलो. तिथं आता नळ आहेत, नवी घरं आहेत, आणि ती मावशी कोण ते सांगणारं कुणी भेटलं नाही. त्या दिवशी त्यांचा टँकर आला की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.