चरकुली

दूध करपल्याचा वास आला की मला अजूनही धारचं ते लग्न आठवतं. भांड्याच्या बुडाला लागलेल्या दुधाच्या खरवडीला आमच्या देवासच्या घरी 'चरकुली' म्हणत. बाबांनी स्वतःच्या लहानपणी तयार केलेला तो शब्द घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हता. त्या लग्नात बासुंदीची कढई उतरली, तेव्हा एक अनोळखी म्हातारी आचाऱ्याला म्हणाली, "भिया, चरकुली मेरे लिए रखना." मी चमकलेच. "हा शब्द तुमच्याकडे कुठून आला?" त्या हसल्या. "माझ्या धाकट्या भावाचा गं. मी जातीबाहेर लग्न केलं नि माहेर तुटलं." बाबांना बहीण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथूनच बाबांना फोन करून सारं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ताईकडे दे फोन."