फराळी गोळी

आईला प्रेशरची गोळी लिहून देताना परळचे डॉक्टर म्हणाले, "ही आता कायम."  लालबागला आमच्या चाळीच्या जिन्यात थांबून आई म्हणाली, "कायम? मगे बरा कधी होतला?"

तीच गोळी मी दादरच्या जेनेरिकच्या दुकानातून निम्म्याहून कमी पैशांत आणली. आईने पाकिटाचा वास घेतला आणि ते परत दिलं. स्वस्त औषधाला गुण कुठला! तिला महागडीच गोळी हवी होती, फक्त ती खर्च व्हायला नको होती. त्यावर तिने उपास शोधले. गोळी घेतलीस का विचारलं की कधी सोमवार, कधी संकष्टी, कधी एकादशी. मग गुरुवारही आला. देव वाढत चालले आणि गोळीचे वार कमी होत चालले.

"अगं, औषधाला कसला उपास?"

"आत काय घातलंय ता वाच."

वाचलं. मक्याचा स्टार्च. उपासाला मका चालत नाही. मी हरलो, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "साबुदाणा तरी काय? स्टार्चच ना!"

तिने विचार केला. "म्हणजे गोळी फराळी?"

"एकदम फराळी!" मी छाती काढून म्हणालो.

दुसऱ्या दिवशीपासून आई गोळी फक्त उपासालाच घेऊ लागली. फराळाचं रोज कोण खातं?

दोनेक वर्षांनी एका मंगळवारी मसाल्याच्या गल्लीत तिला भोवळ आली आणि ती मिरच्यांच्या पोत्यावर बसली. दुकानदार वारा घालत होता, त्या वाऱ्याने आजूबाजूचे सगळे शिंकत होते, आणि मी तिचा हात धरून बसलो होतो. तिला घरी आणून पेज करायला तांदळाचा डबा उघडला, तर तांदळात गोळ्यांची पाकिटं पुरलेली, 'संपल्या' म्हणून तिने दर महिन्याला माझ्याकडून मागवलेली. मी भयंकर ओरडलो.

"आरडा नको," ती पडल्या पडल्या म्हणाली. "तुकाच ठेवलंय. दुखणा घराण्यातला आसा, तुकाय होतला. तवसर गोळ्यो किती महाग होतल्यो!"

जुन्या पाकिटांवरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. मला हसू आलं आणि रडूही.

तिला तशीच परळला नेली. डॉक्टरांनी तिचं प्रेशर तपासलं आणि माझा लाल चेहरा बघून माझंही. माझंही वाढलेलं निघालं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बोर्डात आलो होतो. डॉक्टरांनीच समजावल्यावर तिने जेनेरिकलाही मान डोलावली.

आता सकाळी चहाआधी दोघांच्या गोळ्या एकाच वाटीत असतात. परवा तिने आपली बाजूला सारली. "आज सोमवार. निर्जळी."

मीही माझी ठेवली. "बरं. मग माझाही सोमवार."

तिने माझ्याकडे बघितलं, देवाकडे बघितलं आणि पाण्याचीही वाट न बघता गोळी गिळली.