दादाच्या आवाजातला फोन

आयर्लंडची आठवण म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, समुद्राकडे बघत उसासे टाकणारा मी. सॉरी हां. यात एकही मेंढी नाही. डब्लिनमधल्या आमच्या क्लोनडॉकिनहून दोन बस बदलून गाठायचं एक ओलं मैदान आहे, बेसबॉल आहे आणि ‘आम्ही येणारच’ म्हणणारे माझे आईबाबा आहेत.

मी दादा-वहिनीकडे राहून शिकतो. आईबाबा उन्हाळ्यापुरते आले होते, खास नातवासाठी. पुतण्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. बाबांनी गावाकडं आयुष्यभर टेनिस बॉल क्रिकेटची अंपायरिंग केलेली. बेसबॉल बघून म्हणाले, "सोपं हाय की. मारायचं आन् पळायचं." घरामागच्या हिरवळीवर त्यांनी नातवाला तयार केला. बॅट सोडायची नाही, पळायचं, वाकून बॅट टेकवायची.

मॅचमध्ये पोरानं तस्संच केलं. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात आणि बेसवर पाय ठेवतात. हा बॅटसकट पळाला, बेसच्या अलीकडेच वाकला, बॅट टेकवली आणि आजोबांकडे बघून हसला. आउट! कोचसकट सगळ्यांना लाडू वाटून झालेली आई टाळ्या वाजवतेय, बाबा अंपायरवर ओरडतायत, "आरं टेकलीय की बॅट! डोळं हायत का बटणं?"

कोच येऊन दादाशी काहीतरी बोलला. घरी दादानं निकाल दिला, "कोचला चालत नाही. तुम्ही आता ग्राउंडवर यायचं नाही."

मग दर शनिवारी आईबाबा खिडकीत. निघताना पुतण्या विचारायचा, "आर दे नॉट कमिंग?" बाबा बुटाची नाडी बांधायचे आणि परत सोडायचे.

शेवटची मॅच आली. सोमवारी त्यांचं विमान. मॅचच्या आदल्या दिवशी आईनं शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले. "मी जाणार. दादाला मी जन्म दिलाय, त्यानं मला नाही."

"आणि कोचनं हाकललं तर?" मी विचारलं.

"हाकलू दे. रस्त्यावरनं बघीन."

माझ्या डोक्यात चक्र फिरलं. शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी अख्खा वर्ग घरी सोडला होता, दादा काय चीज आहे? तो अंघोळीला गेला होता, फोन चार्जिंगला. पासवर्ड पोराचा वाढदिवस. कोचला फोन लावला. दादासारखं आधी तीनदा ‘ग्रँड’, म्हणजे इथलं ‘ठीक आहे’, म्हटलं, मग घसा खाकरून सांगितलं की माझे आईवडील उद्या येणार म्हणजे येणार.

कोच बुचकळ्यात. तो कधी ‘येऊ नका’ म्हणालाच नव्हता! पोराला फक्त बॅट टेकवायला शिकवू नका, एवढंच म्हणाला होता. वर विचारतो, "ते गोड गोळे आणणार ना आई?"

म्हणजे लाज दादाला वाटत होती आणि नाव कोचचं.

शनिवारी आम्ही तिघं बसनं गेलो. आम्हाला बघून दादाचा चेहरा उतरला. आईनं त्याच्यासमोरच घडीची खुर्ची उघडली, अगदी पुढे. पोरानं बॉल मारला, बॅट घेऊनच निघाला, आणि बाबा उठले, "टाक ती! पाय ठिव, पाय!" बॅट पडली, पाय बेसवर. सेफ! बाबांनी दोन्ही हात वर करून सिक्सर दिला. मॅच आम्ही सपाटून हरलो, पण पोरगं आजोबांच्या गळ्यातून उतरेना.

तेवढ्यात कोचनं लाडू चघळत दादाच्या पाठीवर थाप मारली. काल फोन केलास, बरं झालं म्हणाला.

"कुठला फोन?" दादा माझ्याकडे वळला.

गाडीत तो घरापर्यंत बरसला. "माझा फोन, माझा आवाज, लाज वाटते का?" मी त्याच्याच आवाजात म्हटलं, "ग्रँड, ग्रँड. कोच कधी नको म्हणाला होता, तेवढं सांग."

मागून माझ्या पाठीत आईचा धपाटा बसला.

"दात काय काढतोस, मुडद्या! त्याचं मी घरी बघते. तुला आवाज काढता येतो, तर हा फोन आधी का नाही केलास? एवढ्या मॅचा आम्ही खिडकीत काढल्या!"