तात्यांची उतरंड आणि आमचा कॉम्प्युटर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला... पिंपळाखालची बाई, मागे वळून न बघणारा सायकलवाला वगैरे. मी लातुरात कॉम्प्युटर क्लास चालवते. मशीन अडलं की बंद करून चालू करायचं, जगातली निम्मी भुतं तिथंच पळतात, असं मी पोरांना शिकवते. तरीही हे लिहितेय, कारण जे घडलं ते एकट्या मला नाही, घरातल्या आम्हा तिघांनाही एकाच वेळी जाणवलं. आणि दुसरं कारण असं, की मला कुणाचे तरी आभार मानायचेत आणि ते घ्यायला समोर माणूस नाही.

माझं माहेर हदगाव. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा औसा रोडच्या मागच्या बाजूला सासऱ्यांनी नुकतंच घर बांधलं होतं – खाली तीन खोल्या, वर गच्ची, जिन्याच्या तोंडाशी मेन स्विच. त्यांचं मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या भूकंपात भुईसपाट झालेलं. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. भूकंपाबद्दल ते अवाक्षर बोलत नसत, पण पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात त्यांची एक उतरंड कायम मांडलेली असायची. खाली उपडा तांब्या, त्यावर पितळी ताटली, ताटलीवर दोन स्टीलचे पेले. जमीन जराशी हलली तरी हे सगळं खणाणा कोसळणार आणि घर जागं होणार. भूकंपानंतर आमच्या भागात बऱ्याच घरांत असं काहीबाही मांडून ठेवायचे. पुढे हळूहळू लोकांनी सोडून दिलं, तात्यांनी नाही.

भांडी पडली की काय करायचं तेही ठरलेलं. जो मेनच्या जवळ असेल त्यानं तो खाली ओढायचा, कुणी काही उचलायचं नाही आणि थेट रस्त्यावर! मोठा भूकंप काही पुन्हा आला नाही. पण उसाचा ट्रक गेला, मांजरानं उडी मारली, की आमचं अख्खं खानदान रस्त्यावर. नवी नवरी असताना मी एकदा डोक्याला मेंदी थापलेल्या अवतारात सगळ्या गल्लीला दर्शन दिलंय. फार चिडचिड व्हायची हो! तरी सवय अशी अंगात मुरली, की पुढे क्लासमध्ये एका पोराचा डबा खाली पडला तेव्हा मी अख्ख्या बॅचचा मेन बंद करून बाहेर धावले. पोरं अजून ते आठवून हसतात.

घरी कॉम्प्युटर आला तो आमच्या लेकीसाठी, ऋतुजासाठी, आणि त्याची राखण माझ्याकडे. त्या बाबतीत मी कडक. अँटीव्हायरस रोजच्या रोज अपडेट, पासवर्ड आकडे-अक्षरं मिसळून, चोरून आणलेलं सॉफ्टवेअर घरात नाही, अनोळखी मेलमधल्या लिंकला हात लावायचा नाही. पेन ड्राइव्ह म्हणजे बाहेरची चप्पल, तपासल्याशिवाय आत आणायचा नाही. तात्या खुर्ची ओढून हे सगळं बघत बसायचे.

"ह्येच्यात चोर शिरतो म्हणतीस?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो तात्या. इंटरनेटवरून."

"मग आत शिरलेला कळंल कसा?"

"अँटीव्हायरस असतं ना. ते वाजतं लगेच."

तात्यांनी जरा विचार केला. "अन् ते झोपलं तर?"

मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर कॉम्प्युटरच्या डब्यावर एक पेला उपडा, त्यावर दुसरा! मी काढायचे, ते परत ठेवायचे. शेवटी मीच हरले.

ऋतुजा अकरावीला गेली तोवर आमची गल्ली ओळखू येईना. मेडिकलच्या क्लासला बाहेरगावाहून आलेल्या पोरापोरींनी घरं भरून गेली, ज्याच्याकडे एक खोली जास्तीची त्यानं तिथं खाटा टाकल्या. ऋतुजाही त्यातलीच एक झाली. डॉक्टर व्हायचं, तेही सरकारी कॉलेजात, कारण खासगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. ती बारावीत असताना तात्या गेले. दिवसकार्य झाल्यावर मी माझ्या हातानं त्यांची भांडी एका पोत्यात घातली, सुतळीनं तोंड बांधलं आणि माळ्यावर टाकली. खरं सांगते, तेव्हा थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं.

पोरीनं कष्ट केले आणि तिला मार्कही तसेच पडले. सरकारी जागा मिळेल, पण काठावर – असं क्लासचे सर म्हणाले. आता राहिला होता कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरून लॉक करणं. एकदा लॉक केलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. आमच्या नातेवाइकांत नांदेड आधी की लातूर आधी यावर इतक्या सभा झाल्या, की शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी आमच्या यांनी रेणापूरच्या शाळेतून रजा घेतली. हे तिथं विज्ञान शिकवतात. माणूस सज्जन, कुणाच्याही शब्दावर चटकन विश्वास ठेवणारा.

दुपारची गोष्ट. मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते, आभाळ भरून आलं होतं. ऋतुजा मधल्या खोलीत झोपलेली. हे पुढच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी, क्रम भरलेला फॉर्म उघडून. तेवढ्यात यांना एक फोन आला – हे सगळं मला नंतर कळलं. बोलणाऱ्याला पोरीचं नाव, मार्क, फॉर्म नंबर, सगळं पाठ. त्यात नवल काही नाही, आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत पोरांची माहिती या क्लासमधून त्या क्लासमध्ये, सायबर कॅफेत, कुठंही फिरत असते. आम्हीही चार ठिकाणी फॉर्म दाखवून सल्ला घेतलाच होता.

"सर, तुमचा फॉर्म आमच्याकडं अर्धाच दिसायलाय," तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस असंल. मी बी लातूरचाच हाय सर, लेकराचं नुकसान होऊ ने म्हणून फोन केला."

झालं! लातूरचाच म्हटल्यावर हे विरघळले. त्यानं एक छोटं सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं. अँटीव्हायरस कोकललं, तर तो म्हणाला, "तेच तर अडवायलंय सर, जरा बंद करा." यांनी बंद केलं. मग त्या सॉफ्टवेअरनं स्क्रीनवर दाखवलेला नंबर त्याला सांगितला, आणि बाण आपोआप फिरायला लागला. हे कौतुकानं बघत बसले. थोड्या वेळानं यांच्या मोबाइलवर मेसेज आला. "सर, आलेला कोड सांगा, की झालं काम." यांनी कोड वाचायला सुरुवात केली...

आणि मी गच्चीवर तो आवाज ऐकला. खणाणा! तांब्याचा घोगरा, मग ताटलीचा लांबलेला, मग पेल्यांचा – इतकी वर्षं ऐकलेला, चुकायची सोयच नाही. विचार-बिचार काही नाही. हातातले कपडे टाकले, जिना उतरले, मेन खाली ओढला आणि रस्त्यावर. माझ्या मागोमाग हे, आणि यांच्या मागे ऋतुजा, पांघरुणासकट.

समोरच्या काकू ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. त्या बघतच राहिल्या. "काय झालं वो? समदे पळत कामून आलाव?"

"भूकंप झाला ना!" मी म्हणाले.

"कुठं काय? माझं सूप बी हाललं न्हाई."

यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हे हळूच मला म्हणाले, "तात्यांचा आवाज आला. भाहेर व्हा म्हणाले." तेवढ्यात यांच्या हातातल्या मोबाइलमधून आवाज आला – हॅलो सर, राहिलेले आकडे सांगा ना! फोन चालूच होता. आणि आमच्या यांचा भोळेपणा बघा, त्या अवस्थेतही, "हां हां, सांगतो," म्हणून हे मेसेज उघडायला लागले.

"पप्पा, कोण आहे?" ऋतुजानं विचारलं.

"अगं, फॉर्मवाले. कोड मागतायत."

तिनं मोबाइल हिसकावला आणि मेसेज वाचला. तो कोड पसंतीक्रम लॉक करायचा होता. तिनं फोन कट केला.

तिला घेऊन मी धावत माझ्या क्लासवर गेले, दोन गल्ल्या सोडून आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर तिचा फॉर्म उघडला. नांदेड नाही, लातूर नाही, एकही सरकारी कॉलेज नाही! सगळ्यात वर एक खासगी कॉलेज, ज्याचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं, आणि खाली सगळी तसलीच. फक्त लॉक व्हायचं बाकी होतं. पासवर्ड बदलला, क्रम पुन्हा भरला, दोघींनी दहादा वाचला आणि संध्याकाळच्या आत स्वतः लॉक केला. पोलिसांत तक्रार दिली, पण तो नंबर बंद झाला तो झालाच. कुठल्या तरी कॉलेजच्या रिकाम्या जागा भरायचा उद्योग असेल, एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर मी आधी कोनाडा बघितला. रिकामा. स्वयंपाकघरात सगळी भांडी जागच्या जागी. स्टूल घेऊन माळ्यावर चढले. पोतं होतं तिथंच, सुतळीची गाठ मीच बांधलेली, वर धुळीचा अखंड थर. दुसऱ्या दिवशी पेपर चाळला. भूकंपाची बातमी सोडाच, साधा हादराही कुठं बसला नव्हता.

ऋतुजाला आम्ही विचारलं, तुला काय ऐकू आलं? तिची झोप म्हणजे कानाशी बँड वाजवला तरी मोडत नाही. ती म्हणाली, "मला काहीच ऐकू नाही आलं. आई, तू खांदा धरून हलवलंस ना?"

मी तर गच्चीवर होते.

आता तुम्ही म्हणाल, यूपीएस असतो, मेन पाडून कॉम्प्युटर कसा बंद झाला? आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली होती. नवी आणा म्हणून मी यांच्या मागे सारखी लागले होते. तोही आळशीपणा त्या दिवशी उपयोगी पडला. कॉम्प्युटर मी नंतर पूर्ण पुसून नव्यानं भरला. क्लासमध्ये पोरांना आता रोज घोकून सांगते – कोड कुणाला द्यायचा नाही, आपल्या मशीनचा ताबा कुणाला द्यायचा नाही, गावचा असला तरी नाही आणि पाहुणा असला तरी नाही. हे सगळं खरंच आहे आणि पाळायलाच हवं. पण त्या दुपारी आम्हाला वाचवलं ते यातल्या कशानंच नाही.

ऋतुजाला नांदेडचं सरकारी मेडिकल मिळालं. तिला होस्टेलवर सोडून आम्ही दोघं बसनं परत येत होतो. लोहा मागे पडलं आणि हे एकदम बोलायला लागले. यांना एक धाकटी बहीण होती, ती भूकंपात गेली, एवढंच मला माहीत होतं. कसं ते इतक्या वर्षांत यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही खोदून विचारलं नव्हतं.

"आम्ही सगळे अंगणात झोपलो होतो," हे म्हणाले. "कमलला ताप होता, म्हणून तिला आत निजवलेलं. पहिला आवाज झाला तसे तात्या दाराकडं पळाले. ऊठ कमल, भाहेर ये, म्हणून ओरडायलेत, ओरडायलेत... ती तापात गाढ झोपलेली. उठलीच नाही गं. तात्यांनी उंबऱ्यात पाय टाकला अन् समोरच वरचं दगडमातीचं माळवद खाली आलं."

मी यांचा हात धरला. बस चालली होती.

"त्या दिवशी मी तुला अर्धंच सांगितलं, सुनीता. भाहेर व्हा एवढंच नव्हते म्हणाले तात्या. आधी म्हणाले – पोरीला उठवा."

मला रडू आवरेना. कंडक्टर वळून बघायला लागला, तरी आवरेना. ज्या भांड्यांच्या नावानं मी इतकी वर्षं कुरकुर केली, ती हा माणूस कशासाठी मांडत होता, ते मला तेव्हा कळलं.

ऋतुजा आता डॉक्टर झालीय. तो आवाज कुठून आला, तिचा खांदा कुणी हलवला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सवयीमुळे भास झाला. होत असेल. पण तिघांना, तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी, नेमका त्याच क्षणी? मी शोधायचं सोडून दिलंय. रोज दिवा लावताना तात्यांच्या फोटोला हात जोडते आणि मनापासून म्हणते – तात्या, लई उपकार झाले तुमचे. तुम्ही हाक मारलीत आणि या वेळी पोरगी उठून बाहेर आली.