टिंब आणि चांदणी

…तर टेस्ट लाल झाली आणि साहेब तरातरा खाली आले, इथवर आलो होतो. पण लाल केली ती चाळणीनेच, आणि तीही मुद्दाम, हे सांगायचं राहूनच गेलं.

चाळणी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी सगळी गावाला निघाली होती. मावशी म्हणाली, "सगळी दारं लावलीत गं, चल आता." हिने एकेक दार ढकलून पाहिलं, तर मागचं धाडकन उघडलं! मावशीने कपाळावर हात मारला. तेव्हापासून ही चाळणी. पुढे नोकरीही मिळाली ती तपासायचीच.

तिच्या ऑफिसात एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम होता, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तयार करणारा. लेबलावर काय यायला हवं त्याचा नमुना लिहून ठेवायचा. कॉम्प्युटर आलेला मजकूर त्याच्याशी ताडून बघतो, हीच टेस्ट. जुळला तर हिरवं, नाही जुळला तर लाल. सरळ काम. पण तिथल्या मंडळींना एक खोड होती. लाल आलं की स्क्रिप्टकडे बघतो कोण? नमुन्यातच एक टिंब आणि त्यापुढे एक चांदणी ठोकायची. म्हणजे काय, तर इथे काहीही आलं तरी चालेल, आणि काहीच नाही आलं तरी चालेल. झालं हिरवं! शेजारचा दाढीवाला त्यात पटाईत. "चांदणी लाव आणि चहाला चल," म्हणायचा.

त्या दिवशी चाळणीने सगळ्या चांदण्या उपटल्या आणि आकड्याच्या जागी आकडाच हवा, असं लिहिलं. पडदा लालेलाल. बघते तर काय, लेबलावर लिहिलेलं: 'रोज चमचा, जेवणानंतर.' किती चमचा? पत्ताच नाही. जिथे अर्धा हवा, तिथे स्क्रिप्ट बिनबोभाट जागा कोरी सोडत होती, आणि चांदणी तिला पदराखाली घेत होती.

"बाई, हे काय रान पेटवून ठेवलंय?" साहेब कडाडले.

"रान आधीपासूनच पेटलेलं होतं साहेब. आपण वरून हिरवी चादर घातली होती."

दाढीवाल्याला हसू फुटलं. साहेबांनी पाहताच तो खोकायला लागला.

"अर्ध्या चमच्याची औषधं असतात तरी कितीशी?"

"लहान मुलांची बरीचशी तीच असतात."

 साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, गिऱ्हाईकाला संध्याकाळपर्यंत लेबलं हवीत. आज चांदणी लावून दे, पुढच्या खेपेला दुरुस्त करू. तुला जमत नसेल तर दुसऱ्याला बसवतो. आणि मग तुला इथे काय काम उरेल, ते तूच बघ."

 चाळणीचा नवरा कधीचा घरी बसलेला. चूल पेटायची ती हिच्याच पगारावर. कीबोर्ड हाताशी होता, दोन खुणा दाबायचा अवकाश. दाढीवाला हळूच म्हणाला, "लाव गं, कशाला अंगावर घेतेस?"

तिने हात उचलले ते मांडीवर ठेवले. छपाईयंत्रातून एक लेबल काढलं आणि साहेबांपुढे धरलं.

"बसवा साहेब, खुशाल दुसऱ्याला बसवा. पण हे लेबल तुमच्या नातवाच्या बाटलीवर चिकटवा आणि सुनेला सांगा, आकड्याच्या जागी काहीही चालेल म्हणून. ती हो म्हणाली, तर मी आत्ताच्या आत्ता उठते. नाही म्हणाली, तर हे लाल असंच राहील, आणि मीही इथेच राहीन."