औषधवाल्याचे किडे

आर्णीत या औषधवाल्यांचं कीटकनाशकांचं दुकान आहे. घरी मात्र ते ओला पाला भरलेल्या डब्यांत किडे पाळतात. कुंडीखाली असतात ना, हात लावला की गोळी होणारे, तेच. राखाडी वेगळे, नारिंगी वेगळे. पिल्लं झाली की गिऱ्हाइकालाही सांगतात. दुकानातून आल्यावर कपडे बदलून, कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय डब्याला हात लावत नाहीत.

परवा मी कुंडीखालच्या किड्यांसाठी पावडर मागितली.

"हात लावला का गोळी होते काय?"

"होते."

त्यांनी पुडा परत फळीवर ठेवला. "मंग पावडर कायले? मीच येतो न."

संध्याकाळी धुतलेला सदरा घालून, सोनपापडीचा रिकामा डबा घेऊन आले.

"आधी काही टाकलं तं नाही ना?"

"मुंग्यांसाठी टाकली होती. तुमच्याकडचीच."

कुंडी उचलून त्यांनी एका किड्याला हलकेच बोट लावलं. तो गोळी झाला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.