पक्कड माझ्या कमरेला होती

मल्टिटूल घ्यायचं माझ्या मनात आलं, तेव्हा सगळ्यात आधी वैतागली ती बायको. मी दोन निवडून ठेवली होती. एक साधं, बोटाएवढं: सुरी, कात्री, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि बाटली उघडायचा आकडा. खिशात टाकलं की विसरून जावं असं. दुसरं भरगच्च. त्याला पक्कड होती, पकडीच्याच बुडाशी तार तोडायची जागा होती, करवत, कानस आणि आणखी काय काय होतं. ते खिशात मावत नाही, पाऊचमध्ये घालून पट्ट्याला अडकवावं लागतं. मी जळगावात ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पिंप्राळ्याहून स्कूटरने जातो, तसाच परत येतो. करवत नेमकी कुठे चालवणार, हे बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

तरी मी रोज जेवणानंतर मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बघत बसायचो. साधं घ्यावं, तर अडीअडचणीला पक्कड नाही. मोठं घ्यावं, तर कमरेला ओझं. "मला बघायला आलात तेव्हा चहा थंड व्हायच्या आत होकार देऊन मोकळे झालात," बायको म्हणाली, "आणि या लोखंडाच्या तुकड्यावर तुमचं अजून चाललंच आहे."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मला अवजार नको होतं. चारचौघांत काहीतरी अडावं, कोणीतरी माझ्याकडे वळून "जरा बघता का" म्हणावं, एवढंच हवं होतं. वर्गात मागच्या बाकांवरची पोरं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. माणसाला कुठेतरी महत्त्व लागतं, आणि मी ते पट्ट्याला अडकवायला निघालो होतो.

शेवटी दोन्ही मागवली. नको असेल ते परत पाठवता येत होतं. तेवढ्यात राखीला अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण, अमळनेरजवळच्या एका खेड्यात दिलेली. घरी शिलाई मशीन आहे, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, त्यामुळे हत्यारांची तिला माझ्यापेक्षा जास्त जाण. तिने राखी बांधली, पेढा भरवला आणि दोन्ही अवजारं एकेका हातात घेऊन उघडून पाहिली. मोठ्याची पक्कड उघडबंद केली आणि म्हणाली, "हाऊच ठेव भाऊ. पक्कडबिगर कसानं औजार?" मला हवं तेच ती बोलली होती. साधं परत गेलं.

पुढचे काही महिने मी ते नुसतं मिरवलं. लग्नात मांडवाची तार निसटली, मी हजर. अक्काच्या गावी दाजींच्या भाऊबंदांपैकी एकाच्या मोटरसायकलची क्लच-वायर तुटली, ती मी बसवून दिली. अक्काच्या मुलांचा मामा म्हणून त्या गावात मला सगळेच मामा म्हणतात. "मामाजोडे बठ्ठं राहस," मामाकडे सगळं असतं, असं कौतुक झालं की मी हसून पाऊचचं बटण लावायचो. दाजी माझी थट्टा करायचे. म्हणायचे, मास्तरकी सोडून गॅरेज टाका, चालेल.

त्याच हिवाळ्यात दाजी गेले. सकाळी शेतात छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. फोन आला तसे आम्ही दोघं निघालो. घाईत अंगावर चढवली त्या पँटचा पट्टा पाऊचसकट होता. माझ्या ते लक्षातही आलं नाही, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण एस.टी.त बसताना पाऊच नेहमीसारखं मांडीत रुतलं होतं आणि मी ते सरकवून नीट केलं होतं. लक्षात कसं नाही आलं?

दाजींना अंगणात ठेवलं होतं. आम्ही पुरुष ओसरीवर बसलो होतो, आत बायकांमध्ये अक्का. न्यायची वेळ जवळ आली तसं आत सुरू झालं. बांगड्या फुटल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. हे सगळं बंद व्हायला हवं, यावर स्टाफरूममध्ये सगळ्यात तावातावाने मी बोललेलो आहे. गावोगाव तसे ठराव होतात, कौतुक आहे, पण घराघरात कोण उभं राहणार, असं मीच विचारलं होतं. मी ओसरीवर मान खाली घालून बसून राहिलो.

मग अक्काची चुलतसासू दारात आली. म्हातारी वाईट नव्हती. तिचं कुंकूही असंच पुसलं गेलं होतं आणि तिला दुसरी रीत माहीत नव्हती. म्हणाली, "जोडवा निंघत नही. साबन बी लायी पाह्यना. कोनाजोडे पक्कड शे का?"

मग ज्याची क्लच-वायर मी बसवली होती, तोच म्हणाला, "मामाजोडे शे ना. कंबरलेच राहस."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेच मला हवं होतं ना? मला "नाही" म्हणता आलं असतं. "राहू द्या तिच्या पायात, मी तिचा भाऊ आहे, मी सांगतो," एवढं म्हणायला कुठलंही अवजार लागत नव्हतं. माहेरचा माणूस म्हणून त्या घरात त्या वेळी माझ्या शब्दाला किंमत होती. कदाचित वाद झाला असता. कदाचित झालाही नसता, म्हातारी दोन शब्द पुटपुटून गप्प बसली असती. मी उठलो आणि आत गेलो.

अक्का भिंतीला टेकून बसली होती, माझी बायको तिला धरून होती. कपाळ पुसलेलं होतं. मी पायाशी बसलो, तेव्हा तिने मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. मी थांबवायला आलोय असं तिला वाटलं असणार. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली.

"राहू दे ना भाऊ," ती म्हणाली. अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं.

मी म्हणालो, "दुखणार नाही, अक्का."

तिने दुखण्याचं विचारलंच नव्हतं. ती काय मागतेय ते मला स्वच्छ कळलं होतं, आणि मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. शिवाय तिच्याशी मी जन्मात शहरी मराठीत बोललेलो नाही. त्या दिवशी बोललो, डॉक्टर पेशंटशी बोलतात तसं.

काम मी फार नीट केलं. कातडीला लागू नये म्हणून जोडव्याखाली तिच्याच पदराचं टोक सरकवलं, तार तोडायच्या जागेत चांदी धरली आणि दाबली. जोडवी जुनी, झिजलेली होती, पटकन तुटली. एका पायातली काढली, मग दुसऱ्या पायातली. कुठे ओरखडा नाही. म्हातारी म्हणाली, "हात हलका शे भाऊना." आणि मला बरं वाटलं. बहिणीचं कपाळ पुसलेलं, दाजी अंगणात, आणि मला पाठीवर थाप मिळाल्यासारखं बरं वाटलं. ते टिकलं अगदी थोडा वेळ, पण वाटलं हे नक्की. त्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे, आणि ती कमी होत नाही.

परतताना एस.टी.त बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. जळगाव जवळ आल्यावर मीच म्हणालो, "माझ्याकडे नसती, तर त्यांनी दुसऱ्या कोणाची आणली असती."

"आणली असती," ती म्हणाली. "त्यांना आणू द्यायची होती."

त्यानंतर मी काय केलं, तर ते साधं मल्टिटूल पुन्हा मागवलं. बोटाएवढं, पक्कड नसलेलं. मोठं कपाटात वरच्या खणात टाकून दिलं. हे मी फार गंभीरपणे केलं, जणू प्रायश्चित्तच. बायकोने ते टेबलावर पाहिलं, उचलून परत ठेवलं. तिने नेहमीसारखी थट्टा केली असती तर बरं झालं असतं. साधं खिशात असतं तर त्या दिवशी मी वाचलो असतो, हे खरं आहे. पण मी वाचलो असतो, एवढंच. अक्काला त्याचा काय उपयोग होता? निवड मी अजूनही माझ्यापुरतीच करत होतो.

पुढच्या भाऊबीजेला मी एकटाच अक्काकडे गेलो. दुखवट्याचं वर्ष, त्यामुळे ओवाळणं नव्हतं, नुसती भेट. ती चटईवर बसून कोणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. माझ्याशी नीट बोलली, बायकोची चौकशी केली, कॉलेजचं विचारलं. आवाजात राग नव्हता. मी शोधत होतो, मिळाला नाही. थोरली म्हणून दरवर्षी करतो तसा मी नमस्काराला वाकलो. तिने दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले आणि माझे हात चटईला टेकले.

"बस, चहा ठेवस," ती म्हणाली. पण बसूनच राहिली. मी दाराकडे तोंड फिरवलं, तेव्हा उठली.